संक्षेपाचा अधिकार

शब्दाचा अर्थ नेमका कसा कळतो, यावर भारतीय दर्शनांनी शेकडो वर्षं वाद घातला. त्या वादात एक उदाहरण पुन्हा पुन्हा येतं. मालक नोकराला म्हणतो, ‘सैंधव आण.’ मीठही सैंधव आणि सिंधू देशातला घोडाही सैंधव. मालक जेवायला बसला असेल तर मीठ आणायचं, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. मीमांसक आणि नैयायिक सांगतात की वाक्याचा अर्थ लागायला आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी लागते, म्हणजे शब्दांना एकमेकांची गरज हवी, ते एकमेकांशी जुळायला हवेत आणि जवळजवळ यायला हवेत. शिवाय बोलणाऱ्याचं तात्पर्य कळलं पाहिजे, आणि ते प्रसंगावरून कळतं.

या उदाहरणातला नोकर नशीबवान आहे. तो मालकासमोर उभा आहे, ताट त्याच्या डोळ्यांपुढे आहे आणि शंका आली तर विचारायची सोय आहे. दवाखान्याच्या कागदावरचं सैंधव ज्याच्या हाती पडतं, त्याच्याकडे यांतलं काहीच नसतं. ‘ओडी’ ही दोन अक्षरं घ्या. बहुतेक डॉक्टरांच्या चिठ्ठीत त्यांचा अर्थ ‘दिवसातून एकदा’. नेत्रतज्ज्ञाच्या कागदावर तीच अक्षरं एका लॅटिन शब्दजोडीची आद्याक्षरं होतात आणि अर्थ होतो ‘उजवा डोळा’. अपघात विभागात तीच ‘ओव्हरडोस’साठी, म्हणजे औषधाच्या अतिमात्रेसाठी वापरली जातात. चिठ्ठी लिहिणाऱ्याला यांतला एकच अर्थ अभिप्रेत असतो आणि तो त्याला इतका स्वच्छ दिसतो की दुसरा संभवतो हे मनातही येत नाही. औषधं देणारा, रात्रपाळीची सिस्टर, दुसऱ्या गावचा डॉक्टर आणि शेवटी घरी गोळ्यांची पाकिटं मांडून बसलेली सून, यांच्यापैकी कुणालाच ते ताट दिसत नाही.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा म्हणजे अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. चौदा तालुके, अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत. इथे आजारी माणूस एका जागी बरा होईलच असं नाही. गावातल्या आशाताईंकडून उपकेंद्रात, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात, आणि ‘पुढे न्या’ म्हटलं की नगर, लोणी किंवा थेट पुणे. जामखेडहून नगर सुमारे 75 किलोमीटर. रुग्णासोबत एक कागद प्रवास करतो आणि प्रत्येक मुक्कामावर तो नव्या माणसाने वाचायचा असतो. त्या कागदावर ‘आरएच’ लिहिलेलं असेल तर तो रक्तगटाचा भाग असेल किंवा ‘रूरल हॉस्पिटल’ असेल. ‘एआरटी’ म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार. आणि 2021 साली संसदेने जो एआरटी कायदा केला, तो मूल होण्यासाठीच्या तंत्रज्ञानाबद्दलचा. ‘आययूडी’ हे तर फार कठोर उदाहरण. प्रसूतिशास्त्रात ही तीन अक्षरं गर्भाशयात बसवायच्या साधनासाठी वापरली गेली आणि गर्भाशयातच दगावलेल्या बाळासाठीही. आपल्या सरकारी कुटुंब नियोजनाच्या नोंदींत आता ‘आययूसीडी’ असं चार अक्षरी रूप आहे. त्या एका वाढीव अक्षराने एका आईच्या कागदावरची संदिग्धता संपते.

आणखी बारीक चुका आहेत, आणि त्याच जास्त घातक. ‘युनिट’ या शब्दाऐवजी नुसतं इंग्रजी ‘यू’ लिहिलं की घाईतल्या अक्षरात ते शून्यासारखं दिसतं. दहा युनिट इन्सुलिनचे शंभर होतात. भारतात यात आणखी एक गाठ आहे. इथे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा मिलिलिटरमागे 40 युनिटच्या असतात आणि पेनमधलं इन्सुलिन 100 युनिटचं. सिरिंजही वेगवेगळ्या, लाल टोपणाची 40 साठी आणि केशरी टोपणाची 100 साठी. सिरिंज चुकली तर मात्रा अडीच पटींनी बदलते. दशांश चिन्हाचंही तसंच. ‘.5’ मधला ठिपका उमटला नाही की पाच होतात, ‘5.0’ मधला उमटला नाही की पन्नास. ‘एमएस’ म्हणजे मॉर्फिन सल्फेट की मॅग्नेशियम सल्फेट? एक वेदनाशामक, दुसरं गरोदरपणात झटके येऊ लागले तर देतात. अमेरिकेत रुग्णालयांचं मूल्यमापन करणाऱ्या जॉइंट कमिशनने 2004 साली ‘हे लिहू नका’ अशी एक छोटी यादी काढली. ‘यू’, ‘एमएस’, शेवटी जोडलेलं निरर्थक शून्य आणि आधी न लिहिलेलं आवश्यक शून्य हे सगळं त्या यादीत आहे. तिच्यातल्या प्रत्येक ओळीमागे आधी घडलेल्या चुका आहेत.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात, आठवड्यातून एकदा. ‘आठवड्यातून एकदा’ हे दोन इंग्रजी अक्षरांत लिहिलं आणि वाचणाऱ्याने ते ‘रोज एकदा’ असं वाचलं, तर गोळी रोज पोटात जाते, अस्थिमज्जा रक्त तयार करायचं थांबवते आणि माणूस मरू शकतो. जगभर अशी माणसं मेली आहेत. गोळी बरोबर होती, निदान बरोबर होतं, डॉक्टर हुशार होता. चुकलं ते एका माणसाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात जाताना.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 च्या उन्हाळ्यात, हा गोंधळ घरोघरी पोचला. ‘सीटी किती आला?’ हा प्रश्न पारावर विचारला जाऊ लागला. पण सीटी दोन होते. एक आरटी-पीसीआर तपासणीतला. विषाणू सापडायला यंत्राला किती फेऱ्या कराव्या लागल्या, ती संख्या. ती जितकी कमी तितका विषाणू जास्त. दुसरा छातीच्या स्कॅनचा स्कोअर, बहुधा पंचवीसपैकी. तो जितका जास्त तितकं फुप्फुस खराब. नाव तेच, आकडेही जवळपास त्याच टप्प्यातले, अर्थ मात्र उलटे. अठरा हा आकडा ऐकून कुणी धीर धरला आणि कुणाचं धैर्य सुटलं. कोणत्या अठराबद्दल बोलणं चाललंय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

इथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो, आणि तो वैद्यकाइतकाच धर्मविचाराचाही आहे. थोडक्यात बोलण्याचा अधिकार कुणाला, आणि कुणासमोर?

आपली परंपरा संक्षेपाची मोठी चाहती आहे. सूत्र हा वाङ्मयप्रकारच त्या आवडीतून आला. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी त्यांची ख्याती. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचं व्याकरण बसवलं आणि त्यासाठी वर्णसमूहांची संक्षिप्त रूपं बनवली. ‘अच्’ म्हटलं की सगळे स्वर, ‘हल्’ म्हटलं की सगळी व्यंजनं. त्यांना प्रत्याहार म्हणतात. जगातल्या सर्वांत देखण्या संक्षेपांपैकी ते आहेत. पण या देखण्या व्यवस्थेतही एक जागा सैल राहिली. वर्णांच्या यादीत ‘ण्’ ही खूण दोनदा येते. त्यामुळे ‘अण्’ म्हटल्यावर पहिल्या खुणेपर्यंतचे वर्ण घ्यायचे की दुसऱ्या, हे त्या दोन अक्षरांवरून ठरत नाही. पतंजलीसारख्या भाष्यकाराने ही अडचण झाकली नाही. उत्तर असं दिलं गेलं की संदेह आहे म्हणून नियम टाकून द्यायचा नाही. व्याख्यानावरून नेमका अर्थ ठरवायचा.

‘व्याख्यानावरून’ हा या उत्तराचा गाभा आहे. सूत्र कधी एकटं फिरत नसे. त्याच्यासोबत गुरू असे, पाठ असे, वृत्ती आणि भाष्य असे. अर्ध्या मात्रेची बचत परवडत होती, कारण उरलेलं सगळं शिकवायला समोर माणूस बसलेला होता आणि त्याला काही वर्षांची सवड होती. डॉक्टरांनी सूत्र उचललं आणि गुरुकुल मागे ठेवलं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात ‘एमआय’ म्हटल्यावर सगळ्यांना एकच अर्थ कळतो, कारण त्या वॉर्डाची एक अलिखित वृत्ती सगळ्यांच्या डोक्यात असते. तोच कागद हृदयाच्या झडपांवर काम करणाऱ्या विभागात गेला की झटक्याऐवजी गळक्या झडपेचा अर्थ निघू शकतो. कागद गेला, भाष्य मागेच राहिलं.

याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला, संक्षेपाबद्दलचा एक फार मोठा निर्णय झालेला आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 साली, ज्ञानदेवांनी इथे गीतेवरचं आपलं भाष्य पूर्ण केलं. ज्या खांबाला टेकून ते बसले असं मानतात, तो पैसाचा खांब आजही तिथे आहे. गीतेचे श्लोक सातशे. त्यांच्या ओव्या झाल्या सुमारे नऊ हजार. हा आकडा नुसता नोंदवून पुढे जाण्यासारखा नाही. एका श्लोकाला सरासरी बारा-तेरा ओव्या, आणि काही ठिकाणी एकाच श्लोकावर कितीतरी पानं. ज्या पिढ्यांनी अर्धी मात्रा वाचवली, त्यांच्याच ज्ञानाचा वारस इथे शब्द हात सैल सोडून वाटत होता. त्याच्यासमोरचा श्रोता बदलला होता, हे त्याचं कारण. गीतेच्या अठराव्या अध्यायात हे ज्ञान कुणाला सांगू नये याची अटही आहे. तप नसलेल्याला, भक्ती नसलेल्याला, ऐकायची इच्छा नसलेल्याला. ज्ञानदेवांनी संस्कृत न येणाऱ्याला मात्र अनधिकारी मानलं नाही. ऐकणाऱ्याला कळत नसेल तर कमीपणा त्याचा नाही, उलगडून सांगायचं काम सांगणाऱ्याचं आहे, अशी ती भूमिका होती. विस्तार ही इथे करुणा आहे, आणि तीही नीट विचार करून पत्करलेली.

नेवाशाच्या कथेत लेखनिकही आहे. सच्चिदानंदबाबांनी ज्ञानेश्वरी लिहून घेतली, असं परंपरा मानते. पुढे हस्तलिखितांच्या प्रतींवरून प्रती होत गेल्या आणि त्यांत चुका शिरल्या. पाठ बदलले, ओव्या वाढल्या. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये, गोदावरीपलीकडच्या पैठणच्या एकनाथांनी त्या प्रती पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. स्वतः एवढा मोठा कवी, पण दुसऱ्याचं लिहिलेलं अचूक पोचावं म्हणून तो अक्षर अक्षर तपासत बसला. नकललेखनातली चूक हा नाथांना धार्मिक प्रश्न वाटला, कारण त्या चुकीवर कुणाची तरी श्रद्धा उभी राहणार होती. औषधाच्या चिठ्ठीतली चूक यापेक्षा हलकी कशी म्हणावी?

वैद्यकाच्या बाजूने बोलण्यासारखंही पुष्कळ आहे, आणि ते न ऐकणं अन्याय ठरेल. ओपीडीत एका डॉक्टरपुढे शंभरावर माणसं रांगेत असतात. प्रत्येक वेळी ‘रक्तदाब’ आणि ‘हृदयाचा विद्युत् आलेख’ असं पूर्ण लिहीत बसला तर शेवटच्या पंचवीस जणांना तो तपासूच शकणार नाही. वाचलेला वेळ रुग्णाचाच असतो. शिवाय ‘बीपी’, ‘ईसीजी’, ‘शुगर’ हे आता साऱ्या मराठीचे शब्द आहेत. नेवाशाच्या बाजारात कुणालाही विचारावं. खुद्द नगरच्या माणसाने शहराचं लांब नाव रोजच्या बोलण्यात कधी घेतलं नाही, ‘नगर’ एवढंच म्हटलं, आणि 2024 मध्ये अधिकृत नाव बदललं तरी एसटीच्या फलाटावर तेवढंच पुरतं. दोघांनाही ठाऊक असलेला संक्षेप निर्दोष असतो. दोष सुरू होतो तो वाचणारा बदलल्यावर. लिहिणाऱ्याची पाच सेकंदं वाचतात आणि त्यांचा भार पुढच्या माणसावर पडतो. तो भार त्याला पेलेल का, हे कुणी विचारत नाही. रांगेतला बहुधा तोच सर्वांत कमी जाणणारा असतो, आणि चुकीची किंमतही त्यालाच मोजावी लागते. हा न्यायाचा प्रश्न आहे. शुद्धलेखनाचा तो कधीच नव्हता.

संक्षेप पुढच्या माणसापर्यंत नीट कसा पोचवावा, याचं एक उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. नगरपासून दौंडच्या रस्त्याला अरणगाव लागतं. तिथे मेहेराबाद आहे. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी तिथे मौन धरलं आणि 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत ते सोडलं नाही. 1927 मध्ये लिहिणंही थांबवलं. त्यानंतर ते एका फळ्यावरच्या इंग्रजी अक्षरांवर आणि आकड्यांवर बोट ठेवून बोलत. ‘गॉड स्पीक्स’ हा त्यांचा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ, 1955 मध्ये प्रसिद्ध झालेला, अशाच फळ्यावरून सांगितला गेला. 1954 च्या ऑक्टोबरात फळाही सुटला आणि उरले हातवारे. एरच जेसावाला आणि इतर निकटचे शिष्य ते वाचून शब्दांत मांडत.

बोलणं इतकं आकुंचित होऊनही इतकी वर्षं चाललं ते कशाच्या बळावर? भक्त याचं उत्तर कृपेत शोधतील, आणि तो त्यांचा अधिकार. पण त्या रीतीत एक साधी शिस्तही होती, आणि ती भक्तीच्या बाहेरच्यालाही दिसते. फळा वाचणारा जे समजला ते मोठ्याने म्हणत असे. ज्याचं म्हणणं, तो समोरच बसलेला असे आणि आपल्या नावावर काय बोललं जातंय ते ऐकत असे. चूक झाली तर ती तिथेच सापडे. अर्थ वाचणाऱ्याकडून सांगणाऱ्याकडे परत जाई आणि मगच पक्का होई. फोनवरून औषधाची सूचना घेतली तर ती लिहून, परत वाचून दाखवायची आणि डॉक्टरने ‘हो’ म्हटल्यावरच पाळायची, असा दंडक आज रुग्णसुरक्षेच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. सिस्टर परत वाचते तेव्हा ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांतला फरक कानाला कळतो. काही रुग्णालयांत हीच रीत रुग्णापर्यंत नेतात. ‘समजलं ना?’ असं विचारत नाहीत, कारण त्यावर कुणीही मान हलवतो. ‘आता घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, ते मला सांगा बरं’ असं म्हणतात. रुग्ण सांगू लागला की दोनच मिनिटांत कळतं, त्याच्यापर्यंत काय पोचलं आणि काय वाटेत पडलं.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली आले. पुढच्या काळात त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गावानेच निवडलेल्या, अनेक दलित, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्यापुढे एकही आद्याक्षर चालणार नव्हतं. मूल जुलाबाने सुकतं म्हणजे काय होतं, त्याला मीठ-साखरेचं पाणी कसं करून पाजायचं, गरोदर बाईचे पाय सुजले तर काय समजायचं, हे सगळं बोलून, करून दाखवून, एकमेकींना सांगायला लावून शिकवलं गेलं. त्या शिकल्या आणि पुढे गावाला शिकवत राहिल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचं काम पाहायला जगभरातून डॉक्टर येऊ लागले. डॉक्टरकीचं ज्ञान सोप्या शब्दांत सांगितलं तर ते पातळ होतं, ही समजूत त्या बायकांनी खोटी पाडली. शब्द सोपे झाले, ज्ञान तेवढंच राहिलं.

त्याच मीठ-साखरेच्या पाण्याचं शास्त्रीय रूप म्हणजे ‘ओआरएस’. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रात लिटरभर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि ठरलेल्या प्रमाणात क्षार असतात. प्रमाण बिघडून साखर वाढली तर आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. ही तीन अक्षरं आयांच्या ओळखीची झाली, आणि मग ती बाजाराच्याही ओळखीची झाली. औषध दुकानांत त्याच अक्षरांची नावं लावून गोड पेयं मिळू लागली, ज्यांत साखर सूत्रापेक्षा कितीतरी जास्त. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षं याविरुद्ध लढा दिला. मध्यंतरी ‘हे ओआरएस सूत्र नाही’ असा खुलासा छापून नाव वापरायची मुभा होती. पण मोठ्या अक्षरांतलं नाव आणि बारीक अक्षरांतला खुलासा यांतलं आईला काय दिसणार? ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती मुभा काढून घेतली. ‘मीठ, साखर, पाणी’ या शब्दांना अशी फसवणूक करता आली नसती. ते ऐकणाऱ्या बाईला आत काय आहे ते ठाऊक होतं. तीन अक्षरांच्या आत मात्र कुणीही काहीही भरू शकलं.

आता अवघड भाग. काही संक्षेप घाईतून येत नाहीत, लपवण्यासाठी येतात. केसपेपरवर ‘सीए’ लिहितात, कॅन्सर लिहीत नाहीत. क्षयाला ‘कॉख्स’ म्हणतात, जंतू शोधणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावाने. एचआयव्हीसाठी अनेक ठिकाणी ‘बी-24’ लिहितात, आंतरराष्ट्रीय रोगसूचीतला क्रमांक. हे सगळं वाईट म्हणून झटकून टाकता येणार नाही. नगरच्या स्नेहालय संस्थेने 1989 पासून ज्यांच्यासाठी काम केलं, त्या बायका आणि मुलांना विचारावं की एचआयव्ही या तीन अक्षरांचा आजार गावाला कळला तर काय होतं. संकेताच्या आड राहण्याला या मातीत जुना आधारही आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. त्यांचे चक्रधरस्वामी याच जिल्ह्यातल्या डोमेग्रामला राहिले होते. पंथाबाहेरच्या नजरेपासून ग्रंथ सुरक्षित राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक राजवाड्यांनी लिपीची किल्ली उलगडेपर्यंत मराठीचं ते आद्य गद्य बाहेरच्यांना अनोळखी राहिलं. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पंथाच्या आतल्या माणसाला ती लिपी वाचता येत होती. ज्याचा ग्रंथ, त्याच्यापासून तो लपवलेला नव्हता.

दवाखान्यात अनेकदा नेमकं उलटं होतं. ‘सीए’ शेजाऱ्याला कळतं, कंपाउंडरला कळतं, मुलाला सांगितलेलं असतं. ज्याच्या पोटात गाठ आहे त्या बापाला तेवढं कळत नाही. घरचेच डॉक्टरला बाजूला घेऊन विनवतात, ‘त्यांना सांगू नका, धीर सोडतील.’ सत्य बोलावं की प्रिय बोलावं हा जुना पेच. मुलाची माया खोटी नाही आणि डॉक्टरची अडचणही खरी आहे. तरीही या माणसाचं आयुष्य त्याचं स्वतःचं आहे. शेत कुणाच्या नावे करायचं, पंढरीला एकदा जाऊन यायचं का, केमो घ्यायची की नाही, हे त्यानेच ठरवायचं आहे. त्याला न कळणाऱ्या दोन अक्षरांच्या आधारे बाकीच्यांनी ते ठरवणं ही माया असली तरी त्याच्या अधिकारावरचं अतिक्रमण आहे. एचआयव्हीबाबतच्या 2017 च्या कायद्याने दिशा स्पष्ट केली आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती इतरांना उघड करायची नाही. पडदा रुग्णाच्या मालकीचा. तो जगापासून त्याला झाकतो, त्याच्यापासून त्याचा आजार झाकत नाही.

कायद्याने आणि नियमांनी इतर बाबतीतही काही पावलं टाकली आहेत. डॉक्टरांनी औषधांची मूळ नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असं 2016 पासून आचारसंहितेत आहे. 2025 मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने वाचता येणारी चिठ्ठी हा आरोग्याच्या हक्काचाच भाग मानला. चांगलं झालं. पण सुवाच्य ‘एमएस’ हे गिचमिड ‘एमएस’इतकंच दुहेरी असतं, आणि छापील ‘एसओएस’ वाचून ‘फारच जिवावर बेतलं तर’ असं समजणारे रुग्ण आहेत, जिथे डॉक्टरला ‘गरज वाटली तर’ एवढंच म्हणायचं असतं. वेदना सोसत बसतात बिचारे. संगणकावर छापलेली चिठ्ठी अक्षराचा प्रश्न सोडवते, अर्थाचा सोडवत नाही.

घरी सोडताना रुग्णाच्या हाती जे डिस्चार्ज कार्ड पडतं, त्याच्या शेवटी मराठीत पाच-सहा ओळी असाव्यात. आजाराचं नाव पूर्ण, प्रत्येक गोळी कशासाठी, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि काय झालं तर लगेच परत यायचं. यासाठी नवा कायदा लागत नाही, यंत्र लागत नाही. ज्या सिस्टर रोज हे तोंडी सांगतातच, त्यांना त्यासाठी दहा मिनिटं आणि एक छापील नमुना लागतो. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्यायच्या, हा नियम 2002 पासून आहे. त्या नोंदी रुग्णाला वाचता याव्यात, याबद्दल त्या नियमात काही म्हटलेलं नाही. ते वाक्य त्यात घालायला हवं, आणि तोवर जिल्ह्यातल्या प्रत्येक नातेवाइकाने खिडकीशी उभं राहून ‘डॉक्टर, हे काय लिहिलंय ते पूर्ण सांगा’ असं न संकोचता म्हणायला हवं.